कॅमेरा आणि भिंग यांचा अबोला

लग्नमंडपांत मंगलाष्टकें संपत आलेलीं असतात. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात सैल होऊं लागतात, मुठींतल्या अक्षता वर उचलल्या जातात, वाजंत्रीवाले खुणेची वाट पाहत असतात. छायाचित्रकार कॅमेरा डोळ्याला लावून, बटणावर बोट अर्धवट दाबून उभा असतो. अंतरपाट दूर होतो, वधूवर एकमेकांकडे पाहतात, आणि नेमक्या त्याच क्षणीं शटर पडत नाहीं! कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर एक ओळ उमटते, कीं भिंगाशीं संपर्क होत नाहीं. तो घाईघाईनें कॅमेरा बंद करतो, पुन्हां चालू करतो, आणि सर्व कांहीं सुरळीत होतें. पुढचीं दोनशें चित्रें निर्वेध निघतात. परंतु तो एक क्षण गेला तो गेलाच. हार पुन्हां घालवून घेतां येतात, अक्षता दुसऱ्यांदा टाकतां येतात. पहिल्या दृष्टिभेटीचा चेहरा मात्र मागून मिळत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो कॅमेरा कारागिराकडे जातो. कारागीर दहा-वीस चित्रें घेऊन पाहतो. त्यांत एकहि चुकत नाहीं. ‘यांत कांहीं बिघाड दिसत नाहीं,’ असें तो प्रामाणिकपणें सांगतो, आणि मालकाची स्थिति मोठी चमत्कारिक होते. यंत्र बिघडलें आहे असें सिद्ध करतां येत नाहीं, आणि तें बरें आहे असा भरंवसाहि धरवत नाहीं. सातारा किंवा सांगली येथील व्यावसायिकाला तोच कॅमेरा पुण्या-मुंबईस पाठवावा लागला, तर ऐन लग्नसराईंत तो कित्येक दिवस हाताशीं नसतो, आणि कधीं कधीं ‘दोष आढळला नाहीं’ एवढाच शेरा घेऊन परत येतो. कोणी कंटाळून कॅमेराच बदलतो. नव्या कॅमेऱ्याला जुनें भिंग लावतो, आणि चार दिवसांनीं तीच ओळ नव्या पडद्यावर उमटते! दोष एकाचा, शिक्षा दुसऱ्याला आणि दंड मालकाला, असा हा न्याय होतो.

वैद्यकांत याला एक चांगली उपमा सांपडते. पाळीचा ताप येणारा रोगी वैद्याकडे जातो तो बहुधा ताप नसतांना. अंग थंड, नाडी ठीक. पाहणाऱ्याला वाटावें, याला झालें आहे तरी काय? परंतु जाणता वैद्य त्या घटकेच्या नाडीवर विसंबत नाहीं. ताप कोणत्या दिवशीं येतो, कोणत्या वेळीं चढतो, थंडी केव्हां वाजते, घाम केव्हां सुटतो, हें तो विचारतो, आणि त्या उत्तरांतून निदान करतो. यंत्राचा मधूनमधून होणारा बिघाड हाहि असाच पाळीचा ताप होय. तो लहरी वाटतो खरा. परंतु विशिष्ट परिस्थिति जुळली कीं तो होतो आणि ती मोडली कीं नाहींसा होतो. ती परिस्थिति हुडकून काढणें हेंच येथें खरें काम आहे.

हा बिघाड घडतो कोठें, हें कळण्यासाठीं कॅमेरा आणि भिंग यांचा परस्परसंबंध आधीं पाहिला पाहिजे. बाजारांत ज्याला लेन्स म्हणतात तें भिंग म्हणजे केवळ कांचा बसविलेली नळी, असा समज अजून पुष्कळांचा आहे. पूर्वीं तो बराचसा खरा होता. भिंगावरील एक कडें हातानें फिरवून फोकस साधावा, दुसरें फिरवून प्रकाशाचें छिद्र लहानमोठें करावें, आणि कॅमेऱ्यानें फक्त शटर उघडावें, अशी कामाची वाटणी असे. भिंग कॅमेऱ्यावर ज्या धातूच्या कड्यांत बसतें त्याला माउंट म्हणतात. १९५९ सालीं निकॉन कंपनीनें जो माउंट काढला, त्यांत छिद्र मिटविण्याचें काम एका लहानशा तरफेकडे होतें. कॅमेऱ्यांतील तरफ भिंगांतील तरफेला हलवी. १९८७ सालीं कॅनन कंपनीनें ईओएस मालिकेबरोबर जो नवा माउंट आणला, त्यांत अशी एकहि तरफ ठेविली नाहीं. फोकसची मोटार भिंगांत, छिद्राची मोटार भिंगांत, आणि दोघींना हुकूम पोंचविण्याचें सर्व काम विजेकडे! पुढें इतर कंपन्याहि याच वाटेनें गेल्या, आणि आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत तर बहुतेक सर्वत्र हीच रीत रूढ झाली आहे.

यामुळें भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्यें सतत बोलणें चाललेलें असतें. कॅमेरा भिंगाला वीज पुरवितो आणि विचारतो, ‘तूं कोण?’ भिंग आपलें नांव, आपलें सर्वांत मोठें छिद्र आणि झूमचा त्या घटकेचा आंकडा सांगतें. मग हुकूम सुटतात: फोकस इतका पुढें ने, छिद्र इतकें मीट. ही सर्व देवघेव भिंगाच्या पाठीमागें ओळीनें बसविलेल्या चिमुकल्या सोनेरी ठिपक्यांतून होते. कारागीर त्यांना ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतात. कॅमेऱ्याच्या बाजूस त्यांच्यासमोर तितक्याच बारीक पिना असतात, आणि स्प्रिंगच्या दाबानें त्या ठिपक्यांना टेकून राहतात. निकॉनच्या २०१८ सालच्या झेड माउंटमध्यें असे अकरा कॉन्टॅक्ट आहेत, कॅननच्या त्याच सालच्या आरएफ माउंटमध्यें बारा. त्यांपैकीं एकानें क्षणभर साथ सोडली, तरी प्रश्नाला उत्तर न मिळण्याचा संभव असतो. मग कॅननचे कॅमेरे ‘एरर ०१’ असा आंकडा दाखवून कॉन्टॅक्ट पुसण्याची सूचना देतात. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत छिद्राच्या आंकड्याच्या जागीं ‘एफ’ या अक्षरापुढें दोन रेघा दिसतात. भिंगानें अबोला धरला आहे, एवढाच दोहोंचा अर्थ. तो कां धरला, हें मात्र त्या आंकड्यावरून कळत नाहीं.

या ठिपक्यांना सोन्याचा मुलामा देतात तो शोभेसाठीं नव्हे. तांबें-पितळ हवेनें काळवंडतें आणि त्या काळ्या थरांतून वीज नीट जात नाहीं. सोनें काळवंडत नाहीं. परंतु सोन्यावर बसलेली घाण कांहीं सोन्याच्या गुणानें दूर होत नाहीं. बोटाचा तेलकटपणा, घामांतील क्षार, धुळीचा कण, दंवाचा थेंब, यांपैकीं कांहींहि मध्यें आलें तरी स्पर्श बिघडूं शकतो. शिवाय तो मुलामा अतिशय पातळ असतो. घासाघाशीनें तो निघाला, कीं खालचा धातु उघडा पडतो आणि मग दुखणें कायमचें जडतें.

सातारा-सांगलीकडे या ठिपक्यांची परीक्षा विशेष कडक होते. जुन्या सातारा जिल्ह्याचे तालुके आणि आसपासचा संस्थानी मुलूख मिळून १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा बनला, आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. जिल्हे दोन झाले तरी नदी एकच आहे. कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते आणि वाई-कराडवरून सांगलीस येते. हवा मात्र त्या वाटेवर पार पालटते. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस आटपाडी-जतकडे तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. एकाच आठवड्यांत दोहोंकडे फिरणाऱ्या कॅमेऱ्याला दोन्ही हवांशीं जुळवून घ्यावें लागतें.

साताऱ्यापासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारें बाराशें मीटर उंचीवर कासचें पठार आहे. पश्चिम घाटांतील ज्या जागांना २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत त्याची गणना होते. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तेथें तेरडा, गेंद, सीतेचीं आसवें अशीं फुलें येतात आणि त्यांच्यामागोमाग छायाचित्रकार येतात. दहा मिनिटें ऊन, दहा मिनिटें धुकें, मग भुरभुर पाऊस, असा तेथला खेळ. धुक्यांत उभें राहून भिंग बदललें, कीं ओल उघड्या ठिपक्यांवर सहज बसते. थंड हवेच्या यंत्राची गाडी असेल तर आणखी निराळें संकट. गाडींत गारठलेला कॅमेरा दमट हवेंत बाहेर काढला, कीं थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटावें तसें त्याच्या अंगावर पाणी सुटतें. तें अर्ध्या तासानें वाळतें, अबोलाहि सुटतो, आणि यंत्र आपोआप बरें झालें असें मालकाला वाटतें. त्या थेंबांत विरघळलेले क्षार मात्र जागेवरच राहतात आणि पुढच्या ओलीची वाट पाहतात. यावर उपाय सोपा आहे. गाडींतून उतरण्यापूर्वीं कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बंद करावा आणि बाहेरच्या हवेइतका तो कोमट झाल्यावरच पिशवी उघडावी. मग दंव पडेल तें पिशवीवर पडेल.

कासच्या फुलांचें आणखी एक वैशिष्ट्य असें, कीं तीं बहुतेक जमिनीलगत असतात. त्यांच्यावर वांकून चित्र घेतांना कॅमेऱ्याचें तोंड खालीं होतें आणि जड भिंगाचें सारें वजन माउंटवर लोंबकळतें. माउंट किंचित् सैल असेल तर नेमक्या याच वेळीं ठिपके पिनांपासून सुटतात. समोरच्या डोंगराचें चित्र निर्वेध येतें आणि पायाजवळच्या फुलाचें अडतें. मग फुलाला कोणी नजर लावली म्हणावें, तर कारण गुरुत्वाकर्षणांत सांपडतें!

सांगलीकडचा प्रकार निराळा. सांगली ही हळदीची मोठी पेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. पेठेंत वावरणाऱ्या कॅमेऱ्याला पिवळ्या भुकटीपासून जपावें लागतें, हें तर उघडच आहे. परंतु खरा धोका लग्नघरांत असतो. मुहूर्ताच्या आदल्या दिवशीं हळद लागते. वऱ्हाडी मंडळी छायाचित्रकारालाहि सोडीत नाहींत. तेल आणि हळद लागलेल्या बोटांनीं तो घाईघाईनें भिंग बदलतो, अंगठा पाठीमागच्या ठिपक्यांवरून फिरतो, आणि तेलाचा एक पातळ थर तेथें बसतो. त्या दिवशीं कांहीं होत नाहीं. रात्रभरांत त्या थरावर धूळ बसते, आणि दुसऱ्या दिवशीं मुहूर्ताला अबोला!

पुराचीहि गोष्ट येथें विसरतां येत नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. अशा पुरांत यंत्र बुडालेंच तर प्रश्न सरळ असतो. तें चालू न करतां तसेंच जाणत्याच्या हवालीं करावें. फसवें असतें तें न बुडालेलें यंत्र. घरांत पाणी न शिरतांहि हवा अनेक दिवस ओली राहते, बंद कपाटांतील कॅमेरा ती ओल शोषतो, आणि गंजाचें काम सावकाश सुरू होतें. दोन-तीन महिन्यांनीं दिवाळींत कॅमेरा अडला, तर त्याचा संबंध ऑगस्टांतल्या पावसाशीं जोडण्याचें कोणाला सुचत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत कॅमेरा कातडी पिशवींत किंवा कपाटांत कोंडून न ठेवतां झांकणाच्या हवाबंद डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. डब्यांतील सापेक्ष आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिली, तर गंज आणि बुरशी या दोहोंनाहि पायबंद बसतो.

इतकीं कारणें संभवतात, म्हणून निदानाला शिस्त लागते. त्या शिस्तीचा पाया असा, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. घाबरलेला माणूस नेमकें याच्या उलट करतो. बॅटरी काढून घालतो, भिंग काढून पुसतो, फुंकर मारतो, कार्ड बदलतो, आणि हें सर्व अर्ध्या मिनिटांत. बिघाड जातो, पण तो कशानें गेला हें कळण्याची वाटहि त्याच्याबरोबरच बंद होते.

आरंभ बॅटरीपासून करावा, कारण ती तपासणें सर्वांत सोपें. भिंगांतील मोटारींना वीज कॅमेऱ्याच्याच बॅटरींतून मिळते. थकलेली बॅटरी पडदा उजळण्यापुरती वीज देते, परंतु मोटार फिरूं लागतांच तिचा दाब उतरतो आणि दोष भिंगाच्या माथीं बसतो. म्हणून पूर्ण भारलेली आणि चांगली म्हणून माहीत असलेली बॅटरी घालूनच पुढचे सर्व प्रयोग करावे. त्यानंतर भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्यें कांहीं बसविलें असेल तें काढून ठेवावें. जुनें भिंग नव्या कॅमेऱ्याला लावण्यासाठीं पुष्कळजण अ‍ॅडॅप्टर वापरतात. त्यामुळें एका सांध्याचे दोन सांधे होतात, आणि मध्यस्थ वाढले कीं गैरसमजहि वाढतात. निकॉनच्या जुन्या भिंगांवर छिद्राचें कडें असतें. तें सर्वांत लहान छिद्रावर ठेवून अडकविलें नसलें, तर आरशाचा नवा कॅमेरा तक्रार करतो. तो बिघाड नव्हे. कडें फिरविलें कीं काम झालें.

यानंतरचा प्रयोग अदलाबदलीचा. समजा, सांगलीच्या एका छायाचित्रकारानें त्याच बनावटीचा दुसरा कॅमेरा आणि दुसरें भिंग मित्राकडून मागून आणलें. दोन कॅमेरे आणि दोन भिंगें यांच्या जोड्या चार होतात. चारहि लावून पाहाव्या. बिघाड भिंगाबरोबर मित्राच्या कॅमेऱ्यावर गेला, तर दोष भिंगाचा. भिंग बदलूनहि तो पहिल्याच कॅमेऱ्यापाशीं राहिला, तर कॅमेऱ्याचा. पण कित्येकदां असें दिसतें, कीं तो कॅमेरा दुसऱ्या भिंगाशीं नीट चालतो, तें भिंगहि दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालतें, आणि अबोला आहे तो केवळ त्या दोघांत. दोन भाऊ साऱ्या गांवाशीं गोड बोलतात आणि एकमेकांशीं बोलत नाहींत, तेव्हां भांडणाचें कारण दोघांच्या मधल्या बांधावर शोधावें लागतें, तसेंच हें. एखादी पिन इतरांपेक्षां जरा खोल रुतलेली असते आणि या भिंगाचा ठिपका किंचित् झिजलेला असतो. वेगवेगळ्या जोडीदारांशीं दोघांचें निभतें, एकत्र आले कीं स्पर्श अपुरा पडतो. भिंग निराळ्या कंपनीचें असेल तर दोघांच्या आंतील प्रोग्रॅमचा मेळ नसणें हेंहि कारण असूं शकतें. कंपन्या असे प्रोग्रॅम वेळोवेळीं सुधारून देतात. तो नवा करून घेणें हा येथें पहिला उपाय.

दोष भिंगाचा ठरला, म्हणजे तो ठिपक्यांवर आहे कीं पोटांत, हें पाहावें. त्यासाठीं छिद्राचा प्रयोग उत्तम. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगाचें छिद्र एरवीं पूर्ण उघडें असतें. चित्र घेण्याच्या क्षणींच तें ठरलेल्या मापावर मिटतें आणि पुन्हां उघडतें. सर्वांत मोठ्या छिद्रावर चित्रें घेतलीं तर पाकळ्यांना हलावेंच लागत नाहीं. म्हणून मोठ्या छिद्रावर सर्व चित्रें ठीक आणि एफ-८ किंवा एफ-११ वर बिघाड, असें घडलें तर ठिपक्यांकडे न पाहतां पाकळ्या, त्यांची मोटार किंवा त्या मोटारीची पट्टी यांच्याकडे संशय वळवावा. अशा भिंगाच्या मालकाची तक्रार ठरलेली असते, कीं मंडपांतल्या अंधुक प्रकाशांत कॅमेरा चालतो आणि बाहेर उन्हांत ग्रूप फोटोला अडतो. त्याला वाटतें, ऊन बाधतें. वास्तविक उन्हांत तो छिद्र लहान करतो. वेळ निभावून न्यावयाची असेल, तर त्या दिवसापुरतें मोठ्या छिद्रावरच काम करावें.

झूम भिंगांत आणखी एक दुखरी जागा असते. आंतील हलत्या भागांपर्यंत वीज नेण्यासाठीं कागदासारखी पातळ पट्टी असते आणि तिच्यांत तांब्याच्या बारीक रेषा असतात. झूम पुढेंमागें करतांना ही पट्टी दर वेळीं वांकते. इस्त्रीची वायर मुठीपाशीं वांकून वांकून आंतल्या आंत तुटते आणि विशिष्ट कोनांत धरली तरच इस्त्री तापते, हा अनुभव घरोघरीं आहे. येथेंहि तेंच होतें. म्हणून छिद्र तेंच ठेवून झूमच्या दोन टोंकांना आणि मध्यावर चित्रें घ्यावीं. बिघाड एकाच ठिकाणीं येत असेल, तर तुटलेली रेषा त्या वळणावर आहे असें समजावें. हें काम घरचें नव्हे. पट्टी बदलावी लागते.

उरला माउंटचा प्रयोग. बटण अर्धवट दाबून धरावें आणि भिंग हळूच हलवून पाहावें. फिरण्याच्या दिशेनें अगदीं थोडी ढिलाई बहुतेक भिंगांत असते. तिची चिंता नको. पण भिंग वर-खालीं डुलत असेल, आणि डुलतांना अबोला येत-जात असेल, तर माउंटचे स्क्रू सैल झाले असावे. घाटरस्त्यानें मोटरसायकलच्या डिकींत हिंदकळत जाणाऱ्या भिंगांना हा रोग जडतो. हे स्क्रू घरच्या पेंचकसानें आवळण्याचा मोह टाळावा. जपानी बनावटीच्या स्क्रूवरील फुली साध्या फुलीसारखीच दिसते, पण तिचें माप निराळें असतें. चुकीच्या पेंचकसानें ती झिजते आणि मग स्क्रू कोणालाच काढतां येत नाहीं.

या सर्व प्रयोगांत एक फसवणूक संभवते, आणि चांगले चांगले तींत सांपडतात. बिघाड वीस चित्रांत सरासरी एकदां होत असेल, तर एखादा उपाय केल्यावर पुढचीं दहा चित्रें ठीक आलीं याचा अर्थ काय? गणित असें सांगतें, कीं कांहींहि उपाय न करतां दहा चित्रें ओळीनें ठीक येण्याचा संभव शंभरांत साठ आहे! म्हणजे त्या दहा चित्रांनीं जवळजवळ कांहींच सिद्ध होत नाहीं. तोच ओळीनें साठ चित्रें ठीक आलीं, तर तें निव्वळ योगायोगानें घडण्याचा संभव शंभरांत पांचांहून कमी उरतो. यावरून सोपा नियम निघतो: बिघाड सरासरी जितक्या चित्रांमागें एकदां होतो, त्याच्या तिप्पट चित्रें बिनचूक आल्याशिवाय उपाय लागू पडला असें म्हणूं नये. कारागिराच्या दुकानांत घेतलेलीं दहा-वीस चित्रें निर्दोष कां निघतात, याचा उलगडाहि यांतच आहे. यांत कारागिराचा आळस नाहीं आणि मालकाची कल्पनाहि नाहीं. प्रयोगच तोकडा पडलेला असतो.

म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवींत एक लहानशी वही असावी. बिघाड होतांच चार गोष्टी टिपाव्या: झूमचा आंकडा, छिद्राचा आंकडा, बॅटरी किती उरली होती, आणि हवा कशी होती. कॅमेऱ्याचें तोंड खालीं होतें कीं समोर, हेंहि लिहावें. प्रत्येक चित्राच्या फाइलींत भिंगाचें नांव, छिद्र आणि झूम यांची नोंद कॅमेरा स्वतःच ठेवतो. बिघाडाच्या आधींचें आणि नंतरचें चित्र उघडून ती ताडून पाहावी. दहा-बारा नोंदी झाल्या कीं त्यांतून आकृति दिसूं लागते. ‘अहो, हा कधीं कधीं बंद पडतो,’ एवढें सांगणारा गिऱ्हाईक कारागिराला अंधारांत सोडतो. ‘हें भिंग कोणत्याहि कॅमेऱ्यावर लावलें, तरी एफ-८ वर साठांत चार वेळां अडतें, पूर्ण उघड्या छिद्रावर एकदांहि नाहीं,’ असें सांगणारा त्याच्या हातीं अर्धें निदान देतो. मग यंत्र पुण्यास गेलें तरी कोऱ्या शेऱ्यानिशीं परत येण्याची भीति कमी होते.

सुदैवानें पुष्कळ वेळां साध्या स्वच्छतेनेंच काम भागतें, परंतु तीहि रीतीनें झाली पाहिजे. प्रथम कॅमेरा बंद करावा, हात साबणानें धुऊन कोरडे करावे, आणि पंखा बंद असलेल्या, धूळ नसलेल्या जागीं बसावें. चष्मा पुसण्याचें धुतलेलें मऊ फडकें घ्यावें, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घ्यावा, आणि भिंगाचे ठिपके हलकेच पुसावे. थेंब फडक्यावर घ्यावा, ठिपक्यांवर कधींहि टाकूं नये. कॅमेऱ्याच्या पिना पुसतांना त्याचें तोंड खालीं ठेवावें आणि आंतील आरशाला किंवा सेन्सरला फडकें लागूं देऊं नये. पिना सारख्या वर येतात कीं एखादी रुतून बसते, हें याच वेळीं भिंगकांचेनें पाहून घ्यावें. सर्व वाळल्यावरच भिंग चढवावें. खोडरबरानें ठिपके घासण्याचा सल्ला पुष्कळजण देतात, आणि त्यानें तात्पुरता गुणहि येतो. पण त्या घासण्यांत मुलामा झिजतो आणि रबराची भुकटी आंत पडते. कांचकागद, रॉकेल, पेट्रोल यांचें तर नांवच नको. तोंडानें फुंकर मारणेंहि वाईट, कारण तिच्याबरोबर थुंकीचे तुषार जातात; त्यासाठीं रबरी पंप मिळतो.

यंत्राचें अंतरंग जाणून घेण्याची हौस या मुलखाला नवी नाहीं. सांगलीपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः जुळविला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं प्रकाशांत आला. आजचा कॅमेरा असा घरीं जुळवितां येणार नाहीं; त्याच्या पोटांतील यंत्रणा फार सूक्ष्म झाली आहे. परंतु तो कोठें अडतो, केव्हां अडतो आणि कोणाबरोबर अडतो, हें शोधावयाला कारखाना लागत नाहीं. एक वही, मित्राकडून मागून आणलेली एक जोडी आणि एका संध्याकाळचा धीर, एवढ्यावर तें होतें.

शेवटीं पुन्हां लग्नमंडपाकडे. जाणता छायाचित्रकार मुहूर्ताच्या आदल्या रात्रीं हळदीचे हात स्वच्छ धुतो, ठिपके पुसतो, बॅटरी भारून ठेवतो, आणि मोठ्या व लहान अशा दोन्ही छिद्रांवर, झूमच्या दोन्ही टोंकांना मिळून पांच-सहा डझन चित्रें घेऊन पाहतो. मंगलाष्टकें सुरू होण्यापूर्वीं भिंग चढवितो तें अक्षता पडेपर्यंत काढीत नाहीं, आणि गळ्यांत दुसरा कॅमेरा तयार ठेवतो. अंतरपाट दूर होतांना त्याच्या मनांत यंत्राविषयीं शंका नसावी आणि त्याचें सारें लक्ष समोरच्या दोन चेहऱ्यांकडे असावें, एवढ्यासाठींच हा सगळा खटाटोप.